सुईनं विडी सुटते का?

कानात सुया टोचून, काढे पाजून किंवा 'औषधी' सिगारेट ओढायला देऊन धूम्रपान सोडवण्याचे दावे गल्लोगल्ली केले जातात. त्यासाठी चीनच्या प्राचीन वैद्यकाचा दाखला दिला जातो. मोजूनमापून घेतलेल्या चाचण्या मात्र काय सांगतात? आणि घरातल्या माणसाची विडी-सिगारेट सुटावी म्हणून तळमळणाऱ्या कुटुंबानं नेमकं करावं तरी काय?

झाशी म्हटलं की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे घोड्यावर स्वार झालेली राणी लक्ष्मीबाई उभी राहते. नेवाळकरांच्या राज्यात तिथं अनेक मराठी कुटुंबं स्थायिक झाली. पण बुंदेलखंडातल्या या शहराच्या आणखी दोन ओळखी आहेत आणि त्या दोन्ही धुराशी जोडलेल्या आहेत.

पहिली ओळख तेंदूपानाची. उन्हाळा तापायला लागला की झाशी-ललितपूरच्या जंगलांत तेंदूपानं तोडण्याचा हंगाम सुरू होतो. आपल्याकडे गोंदिया, भंडारा, गडचिरोलीत असतो, अगदी तसाच. या पानात चिमूटभर तंबाखू भरून, ते वळून दोऱ्यानं बांधलं की विडी तयार. सिन्नर आणि सोलापूरच्या कितीतरी घरांत विड्या वळण्याच्या मजुरीवर चूल पेटली आहे.

दुसरी ओळख औषधांची. बैद्यनाथ या आयुर्वेदिक औषधं बनवणाऱ्या कंपनीनं १९४०च्या दशकात झाशीत आणि नागपुरात कारखाने उभारले. केंद्र सरकारची आयुर्वेद संशोधन संस्थाही झाशीत आहे आणि औषधी वनस्पतींची लागवड हे तिथलं एक महत्त्वाचं काम. शिवाय १९६८ साली सुरू झालेलं महाराणी लक्ष्मीबाई वैद्यकीय महाविद्यालय आहेच. म्हणजे विडीचं पानही याच मातीतलं आणि औषधाची मुळीही याच मातीतली! मग जिथं इतक्या औषधी वनस्पती आहेत, तिथं विडी सोडवणारी एखादी मुळी का नसावी, असा प्रश्न कुणालाही पडेल.

हा प्रश्न नुसत्या कुतूहलाचा नाही. २०१६-१७ मध्ये झालेल्या देशव्यापी सरकारी पाहणीत भारतातल्या १५ वर्षांवरच्या २८.६ टक्के लोकांना कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखूची सवय असल्याचं आढळलं. उत्तर प्रदेशात हे प्रमाण ३५.५ टक्के होतं, महाराष्ट्रात २६.६ टक्के. धूम्रपान करणाऱ्यांमध्ये सिगारेटपेक्षा विडी ओढणारेच जास्त निघाले. आणि त्याच पाहणीत, ओढणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक लोकांनी आपल्याला हे सोडायचं आहे, असं सांगितलं. सोडायचं आहे, पण सुटत नाही. नेमक्या याच जागी जाहिराती, ताईत, काढे आणि सुया हजर होतात.

'विडी काय, पानच तर आहे!'

विडीला आपल्याकडे उगाचच गरीब आणि निरुपद्रवी मानलं गेलं आहे. 'सिगारेट वाईट, विडी काय, झाडाचं पान!' असं म्हणणारे आजोबा प्रत्येक गावात असतात. वस्तुस्थिती उलटी आहे. विडीत तंबाखू सिगारेटपेक्षा बरीच कमी असते, हे खरं. पण तेंदूच्या पानातून हवा खेळत नाही. विडी सारखी विझू पाहते, म्हणून ती पेटती ठेवायला जोरजोरात आणि वारंवार झुरके घ्यावे लागतात. परिणामी डांबर, निकोटिन आणि कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू फुप्फुसात भरपूर जातो.

मुंबईत १९९०च्या दशकात पस्तिशी ओलांडलेल्या सुमारे एक लाख नागरिकांची नोंद करून पुढची काही वर्षं त्यांचा मागोवा घेण्यात आला. २००५ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तंबाखूला कधीच न शिवलेल्या पुरुषांच्या तुलनेत सिगारेट ओढणाऱ्यांच्या मृत्यूचा धोका ३७ टक्क्यांनी, तर विडी ओढणाऱ्यांचा ६४ टक्क्यांनी जास्त निघाला.

मग हे कळूनही सुटत का नाही? कारण झुरका घेतल्यावर निकोटिन अवघ्या दहा ते वीस सेकंदांत मेंदूत पोहोचतं. तिथल्या पेशींवर त्याच्यासाठी जणू कुलपंच बसवलेली असतात. निकोटिनची किल्ली लागली की सुखाची जाणीव देणारं डोपामिन हे रसायन पाझरतं. रोज वीस-पंचवीस वेळा ही किल्ली फिरली की मेंदूला तीच सवय लागते. किल्ली मिळाली नाही की चिडचिड, बेचैनी, झोपमोड, मन एकाग्र न होणं सुरू होतं. हा त्रास पहिल्या दोन-तीन दिवसांत सर्वांत जास्त असतो आणि दोन ते चार आठवड्यांत ओसरतो. 'सिगारेट सोडणं काय कठीण, मी तर शंभर वेळा सोडलीय!' हा विनोद म्हणूनच इतका खरा वाटतो. कुणाच्याही मदतीविना, केवळ निश्चयावर सोडू पाहणाऱ्या शंभर जणांपैकी जेमतेम तीन ते पाच जण सहा महिने ते वर्षभर टिकून राहतात.

तंबाखू आली आणि वैद्य गोंधळले

विडीच्या समर्थनासाठी काही जण आयुर्वेदाचाही हवाला देतात. चरकसंहितेत धूमपानाचं वर्णन आहे, ही गोष्ट खरी. पण ती औषधी वनस्पतींची वात होती, विशिष्ट तक्रारींसाठी आणि ठरावीक वेळी वापरायची. तिचा तंबाखूशी काडीचाही संबंध नाही, कारण तंबाखू हे मूळचं अमेरिका खंडातलं झुडूप. ते पोर्तुगीजांबरोबर आपल्याकडे आलं. अकबराचा दरबारी असद बेग सतराव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला विजापूरहून तंबाखू आणि चिलीम घेऊन आग्र्याला गेला. ही नवी चीज बादशहानं ओढावी की नाही, यावर दरबारातल्या हकिमांत वाद झडला. पुढे १६१७ मध्ये जहांगीरनं तंबाखूवर बंदीचं फर्मान काढलं. त्याचा उपयोग किती झाला, हे आज कोपऱ्या-कोपऱ्यावरच्या टपऱ्या सांगतातच!

चीनमध्येही जवळपास हेच घडलं. सोळाव्या शतकाच्या अखेरीस तिथं तंबाखू पोहोचली. झांग जिएबिन या नामांकित चिनी वैद्यानं १६२४च्या सुमारास लिहिलेल्या ग्रंथात तिचा समावेश औषधांत केला. ती उष्ण असते आणि शरीरातला थंडावा-ओलावा घालवते, असा त्या काळचा समज होता. थोडक्यात, ज्या वैद्यकाच्या नावानं आज सिगारेट सोडवण्याचे उपचार विकले जातात, त्याच वैद्यकानं एके काळी तंबाखूला औषध म्हणून जवळ केलं होतं. आणि आज जगात सर्वाधिक धूम्रपान करणारे लोक चीनमध्येच आहेत. त्यांची संख्या तीस कोटींवर जाते. प्राचीनतेचा दाखला हा गुण येण्याचा पुरावा ठरत नाही, तो असा.

सोलापूरचे डॉक्टर आणि चीनची सुई

ॲक्युपंक्चरची सुई भारतात आली, त्या कथेला एक मराठी धागा आहे. १९३८ साली जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनच्या मदतीला काँग्रेसनं पाच डॉक्टरांचं पथक मुंबईहून पाठवलं. त्यात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते, नागपूरचे डॉ. चोळकर होते आणि कलकत्त्याचे डॉ. विजयकुमार बसूही होते. डॉ. कोटणीस रणभूमीवर सैनिकांची सेवा करता करता ९ डिसेंबर १९४२ रोजी तिथंच निवर्तले. चिनी जनतेनं त्यांना आजवर विसरलेलं नाही. डॉ. बसू परतले. १९५०च्या दशकाच्या अखेरीस ते पुन्हा चीनला गेले, ॲक्युपंक्चर शिकले आणि ती विद्या त्यांनी भारतात आणली. लुधियानात कोटणिसांच्या नावानं चालणाऱ्या ॲक्युपंक्चर रुग्णालयात व्यसनमुक्तीसाठीही सुयांचा वापर होतो. महाराष्ट्रानं ॲक्युपंक्चर उपचारपद्धतीसाठी २०१५चा स्वतंत्र कायदा केला, तर २०१९ मध्ये केंद्र सरकारनंही या पद्धतीला मान्यता दिली.

व्यसन आणि सुई यांची गाठ मात्र हाँगकाँगमध्ये पडली, तीही योगायोगानं. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला डॉ. वेन हे मेंदूचे शल्यविशारद वेदना कमी करण्यासाठी सुयांतून विजेचा सौम्य प्रवाह सोडून पाहत होते. त्यांच्या रुग्णांत काही अफूचे व्यसनी होते. सुया लावल्यावर 'अफू न मिळाल्यानं होणारी तगमगही कमी झाली' असं त्यांनी आपणहून सांगितलं. १९७३ मध्ये डॉ. वेन यांनी हे अनुभव प्रसिद्ध केले. ही बातमी न्यूयॉर्कच्या लिंकन रुग्णालयापर्यंत गेली आणि तिथं कानाच्या पाच बिंदूंवर सुया टोचण्याची एक ठरावीक पद्धत तयार झाली. अफूची तगमग थांबते, तर सिगारेटची का नाही? झालं! जगभर कानात सुया टोचून धूम्रपान सोडवणारे दवाखाने निघाले. काही ठिकाणी सुईऐवजी कानाला एका वनस्पतीच्या बिया चिकटपट्टीनं लावतात आणि तलफ आली की त्या दाबायला सांगतात.

खोटी सुई, खरी परीक्षा

आता खरा प्रश्न. सुई टोचून घेतलेल्या दहा जणांपैकी चार जणांनी सिगारेट सोडली, तर श्रेय कुणाचं? सुईचं? की पैसे भरून, वेळ काढून दवाखान्यात जाण्याइतक्या निर्धाराचं? की अर्धा तास आपुलकीनं विचारपूस करणाऱ्या वैद्याचं?

हे वेगळं काढण्याचा एकच मार्ग असतो. इच्छुकांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट करायचे. एका गटाला खऱ्या बिंदूंवर सुया द्यायच्या, दुसऱ्याला लटक्या. कुणाला काय मिळालं, हे रुग्णाला कळू द्यायचं नाही. १९९८ साली जर्मन संशोधकांनी यासाठी एक मजेदार सुई तयार केली. नाटकातल्या खंजिरासारखी ती दांड्यात सरकते. त्वचेला टोचल्यासारखं वाटतं, पण सुई आत शिरतच नाही. इतर चाचण्यांत भलत्याच बिंदूंवर सुया टोचून तुलना केली जाते.

वैद्यकीय पुराव्यांची छाननी करणाऱ्या कॉक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेनं २०१४ मध्ये ॲक्युपंक्चर आणि त्यासारख्या उपचारांवरच्या ३८ चाचण्या एकत्र तपासल्या. खऱ्या सुया घेतलेल्यांना लटक्या सुया घेतलेल्यांपेक्षा पहिल्या काही आठवड्यांत थोडा फायदा दिसला. पण सहा महिन्यांनी आणि त्यानंतर पाहिलं, तर दोन गटांत खात्रीनं सांगावा असा फरक उरला नव्हता. निकोटिनच्या गम किंवा पट्टीशी तुलना केली, तेव्हा दीर्घ काळात ॲक्युपंक्चर मागेच पडलं. शिवाय अनेक चाचण्या लहान आणि सदोष होत्या. म्हणून ठाम निष्कर्ष काढता येत नाही, असं छाननी करणाऱ्यांनी स्पष्ट लिहिलं. जागतिक आरोग्य संघटनेनं जुलै २०२४ मध्ये तंबाखू सोडवण्याच्या उपचारांवर आपली पहिली मार्गदर्शिका काढली. पारंपरिक आणि पर्यायी उपचारांची शिफारस करावी किंवा करू नये, यासाठी पुरेसा पुरावा नाही, असंच तिच्यातही म्हटलं आहे.

लहान चाचणी कशी चकवते, याचं एक उदाहरण कोकेनच्या व्यसनाचं आहे. २००० साली अमेरिकेत ८२ रुग्णांवर झालेल्या चाचणीत कानातल्या सुयांचा परिणाम झकास दिसला. त्याच संशोधकांनी मग सहा ठिकाणी ६२० रुग्णांवर मोठी चाचणी घेतली. २००२ मध्ये निकाल आला. खऱ्या सुया, लटक्या सुया आणि नुसतं शांत बसवून विश्रांती देणं, तिन्हींचा परिणाम सारखाच! संशोधकांनी तो निकालही तितक्याच प्रामाणिकपणे छापला. शास्त्राची खरी ताकद इथं दिसते.

'औषधी' सिगारेटचा सापळा

सुईपेक्षा जास्त सावध राहायचं ते 'हर्बल' सिगारेटपासून. चीनमध्ये तंबाखूत औषधी वनस्पती मिसळलेल्या सिगारेट 'कमी घातक' म्हणून विकल्या जातात. त्या ओढणाऱ्यांच्या लघवीची तपासणी करून २००९ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. निकोटिन आणि कर्करोगाला कारण ठरणाऱ्या घटकांचं प्रमाण साध्या सिगारेटवाल्यांइतकंच निघालं. आपल्याकडे मिळणाऱ्या काही 'आयुर्वेदिक' सिगारेटमध्ये तंबाखू नसते, त्यामुळे निकोटिनही नसतं. तरी कुठलंही पान जाळलं की डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होणारच. तुळस जाळली म्हणून धुराचं तीर्थ होत नाही.

मुळी सापडली, पण कशी?

याचा अर्थ वनस्पतींत काहीच नाही असा मुळीच नव्हे. उन्हाळ्यात पिवळ्याधमक फुलांचे घोस लोंबणारा आपला बहावा सर्वांच्या ओळखीचा आहे. तशाच पिवळ्या घोसांचं लॅबर्नम हे झाड युरोपात होतं. दुसऱ्या महायुद्धात तंबाखू मिळेना, तेव्हा सैनिक त्याची पानं ओढत, असं सांगितलं जातं. या झाडातला सायटिसिन हा घटक मेंदूतल्या निकोटिनच्याच कुलपात बसतो. तो कुलूप अर्धवट उघडतो, त्यामुळे तगमग कमी होते. आणि जागा अडवून धरतो, त्यामुळे वरून झुरका घेतला तरी पूर्वीसारखी मजा येत नाही. बल्गेरियात १९६४ पासून याच्या गोळ्या विकल्या जात होत्या. (इथं एक इशारा हवा. लॅबर्नमच्या बिया विषारी असतात आणि आपला बहावा हे निराळंच झाड आहे. घरच्या घरी प्रयोग अजिबात नकोत.)

पण बल्गेरियातले लोक कित्येक वर्षं घेतात, एवढ्यावर जग थांबलं नाही. पोलंडमध्ये ७४० जणांवर काटेकोर चाचणी झाली. अर्ध्यांना २५ दिवस सायटिसिन, अर्ध्यांना हुबेहूब तशाच दिसणाऱ्या बिनऔषधी गोळ्या. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेला निकाल असा, की वर्षभरानंतरही सिगारेटपासून दूर राहिलेले सायटिसिनच्या गटात ८.४ टक्के होते आणि दुसऱ्या गटात २.४ टक्के. न्यूझीलंडमधल्या १,३१० जणांच्या चाचणीत महिनाभरानं पाहिलं, तेव्हा ते निकोटिनच्या गम-पट्ट्यांपेक्षा सरस ठरलं. सायटिसिनवरूनच पुढे व्हॅरेनिक्लिन हे औषध तयार झालं. २०२४च्या मार्गदर्शिकेत जागतिक आरोग्य संघटनेनं निकोटिन गम-पट्टी, ब्युप्रोपिऑन आणि व्हॅरेनिक्लिन यांच्या जोडीला सायटिसिनचीही शिफारस केली. एका झाडाची मुळी-पाल्यापासून मान्यताप्राप्त औषधापर्यंतची वाट ही अशी गेली, मोजमापाच्या काट्यावरून.

आणि आता या कथेतलं सर्वांत महत्त्वाचं वळण. हेच सायटिसिन बांगलादेश आणि पाकिस्तानात क्षयरोग झालेल्या २,४७२ धूम्रपान करणाऱ्यांना देऊन पाहिलं गेलं. त्याचा निकाल २०२० मध्ये आला. सहा महिन्यांनी सायटिसिनच्या गटात ३२.४ टक्के लोकांनी धूम्रपान सोडलेलं होतं, तर बिनऔषधी गोळ्यांच्या गटात २९.७ टक्के. फरक नगण्य! म्हणजे औषध अपयशी? तसंही म्हणता येईल. पण दुसऱ्या बाजूनं पाहा. बिनऔषधी गोळ्या घेणाऱ्या शंभरांतल्या जवळपास तीस जणांनी सोडलं. एकट्यानं प्रयत्न करणाऱ्यांतले तीन ते पाच कुठे आणि हे तीस कुठे! या सर्वांना आजाराचा धक्का बसला होता हे खरंच. पण दोन्ही गटांना प्रशिक्षित माणसानं समोर बसवून धूम्रपान कसं सोडायचं, हे समजावलंही होतं.

सुईवाल्या दवाखान्यातून जो गुण येतो, त्याचंही रहस्य बहुधा इथंच आहे. कुणीतरी नाव घेऊन विचारतं, ऐकून घेतं, पुढच्या आठवड्याची वेळ देतं. सुईचा वाटा लहान असेल. विचारपुशीचा वाटा मोठा आहे. आणि ती विचारपूस सरकारी केंद्रात मोफत मिळते.

घरच्यांनी काय करावं?

भारतात २००२ साली तंबाखूमुक्तीची १३ केंद्रं सुरू झाली. मुंबईचं टाटा स्मारक रुग्णालय त्यांपैकी एक होतं. आता राष्ट्रीय तंबाखू नियंत्रण कार्यक्रमाखाली अनेक जिल्ह्यांत ही सोय आहे. १८००-११२-३५६ या क्रमांकावर मोफत फोन करून समुपदेशकाशी बोलता येतं. हा क्रमांक विडी-सिगारेटच्या पाकिटावरच छापलेला असतो. ज्या हातानं पाकीट उघडायचं, त्याच हातानं फोन लावता येतो!

औषधांपैकी निकोटिनचे कमी मात्रेचे गम औषधाच्या दुकानात मिळतात. ते चॉकलेटसारखे चघळायचे नसतात. थोडं चावायचं, जिभेवर झिणझिण्या आल्या की गालात धरून ठेवायचं. व्हॅरेनिक्लिन आणि ब्युप्रोपिऑन मात्र डॉक्टरांच्या चिठ्ठीनंच. फिट येणाऱ्यांना ब्युप्रोपिऑन चालत नाही, हे डॉक्टरांना आधी सांगायला हवं. कॉक्रेनच्या २०२३च्या छाननीनुसार, औषधाविना प्रयत्न करणाऱ्या शंभरांतले सुमारे ६ जण टिकतात, निकोटिनची पट्टी वापरणारे ९ आणि व्हॅरेनिक्लिन किंवा सायटिसिन घेणारे १४. शंभरात चौदा हा आकडा किरकोळ वाटेल. पण म्हणूनच 'सात दिवसांत शंभर टक्के गॅरंटी' देणाऱ्याच्या दारात पाऊल ठेवू नये.

ॲक्युपंक्चर करून पाहायचंच असेल, तर नोंदणीकृत उपचारकाकडे जावं आणि सुया नव्या, एकदाच वापरायच्या आहेत याची खात्री करावी. बिनलेबलची चूर्णं आणि गुप्त काढे टाळावेत. आणि कुठल्याही उपचाराची जाहिरात वाचताना तीन प्रश्न विचारावेत. कशाशी तुलना करून गुण आला? किती महिन्यांनी मोजलं? आणि कुणी, कसं मोजलं. नुसतं 'हो, सोडली' म्हटल्यावर, की श्वासातला कार्बन मोनॉक्साइड तपासून?

घरात मात्र सुरुवात साध्या गोष्टींनी करावी. सोडायचा दिवस दोघांनी मिळून ठरवावा, कॅलेंडरवर खूण करावी. आदल्या रात्री काडेपेटी, लायटर, रक्षापात्र घराबाहेर काढावं. सकाळचा चहा आणि विडी यांची जोडी असेल, तर काही दिवस चहाची जागा किंवा वेळ बदलावी. तलफ काही मिनिटंच टिकते. तेवढा वेळ पाणी प्यावं, दीर्घ श्वास घ्यावेत, अंगणात चक्कर मारावी, बडीशेप तोंडात टाकावी. मात्र विडीच्या जागी गुटखा किंवा तंबाखूची चिमूट आली, तर आगीतून फुफाट्यात पडल्यासारखंच होईल.

पहिले पंधरा दिवस माणूस चिडचिडा होईल. तो स्वभाव नव्हे, मेंदूतली रिकामी कुलपं बोलत असतात. तेवढे दिवस घरच्यांनी दमानं घ्यावं. आणि एखादी विडी ओढली गेली, तर 'बघ, मी म्हटलंच होतं!' हे वाक्य गिळून टाकावं. बहुतेकांची सवय पहिल्या प्रयत्नात सुटत नाही. प्रत्येक प्रयत्न पुढच्या प्रयत्नाची पायरी असतो.

'आता या वयात सोडून काय उपयोग?' हा तर ठरलेला प्रश्न. ब्रिटनमधल्या डॉक्टरांचा १९५१ पासून पन्नास वर्षं मागोवा घेणाऱ्या अभ्यासानं त्याचं उत्तर दिलं आहे. तिसाव्या वर्षी सिगारेट सोडणाऱ्यांचं आयुष्य सुमारे दहा वर्षांनी वाढतं, चाळिसाव्या वर्षी नऊ, पन्नासाव्या वर्षी सहा आणि साठाव्या वर्षीही तीन वर्षांनी. साठीच्या माणसाला तीन वर्षं म्हणजे एखाद्या नातीचं लग्न, एखाद्या नातवाची दहावी. त्यासाठी चीनला जायला नको, झाशीच्या मुळीची वाट पाहायला नको. फोन उचलायला हवा, आणि पहिले पंधरा दिवस सोबतीला घर हवं.